कारण विचारणारी चौकट

शमीम,

परवा तुला जाऊन चाळीस दिवस होतील, तुझा चाळीसावा, आणि मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. स्वयंपाक करताना, सातपूरला जाताना सिग्नलला थांबले की, कुठेही. तू समोर असताना मला मुद्दे सुचायचे नाहीत. आता सगळे सुचतात.

तुझ्या शाळेने माझ्याकडे तुझ्याविषयी एक पान मागितलंय. जन्म कुठे, शिक्षण कुठे, विज्ञान किती वर्षं शिकवलं, विद्यार्थी काय म्हणतात. ते मी लिहून देईन. हे पान त्यांचं नाही. हे मला तुलाच द्यायचंय आणि कुठे नेऊन द्यावं ते कळत नाही.

सात वर्षांपूर्वी तू गंगापूर रोडला माझ्या घरी आलीस, चपला काढायच्या आधीच फोन माझ्या कानाला लावलास. तुझ्या नामपूरच्या शेजारणीचा आवाज होता. कळण्याची भाकरी कशी थापायची ते सांगत होती, मध्येच शेळीला हाकलत होती, मध्येच कुणाला तरी पाणी आण म्हणून ओरडत होती. तू म्हणालीस, "ह्या बाईला लिहिता येत नाही, वैशू. पण बोलते बघ कशी. हिचं पुस्तक कोण काढणार?"

मला साइट बनवता येत होती, तुला बायका माहीत होत्या. एवढ्यावर ते सुरू झालं. फोनवर बोलायचं, पदार्थाचं नाव सांगायचं, हवा तर एक फोटो. नामपूर, सटाणा, मालेगावच्या बायका आल्या, सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या आल्या, जुन्या नाशकातल्या तुझ्या गल्लीतल्या आल्या. तू स्वतः सदतीस रेकॉर्डिंग केलीस. अर्धी मराठीत, काही तुमच्या घरच्या हिंदीत, आणि नामपूरची आठवण आली की अहिराणीत. त्या वेळी मी एक गोष्ट करायची विसरले. विसरले म्हणते, पण खरं तर मला ती सुचलीच नाही. एखाद्या बाईला आपलं बोलणं परत काढून घ्यावंसं वाटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कल्पनाचं ते सगळं झालं तेव्हा सुचलं.

कल्पना नामपूरजवळच्या एका वस्तीवरची. भाचीच्या फोनवरून तिने भरिताचं रेकॉर्डिंग टाकलं होतं. त्यात ती हसत हसत म्हणाली होती, "मनी सासूले दात नही, तिले भरीतच बरं पडस." एवढंच. पण ते त्यांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं, तिथून दुसऱ्या ग्रुपवर गेलं, आणि एका साखरपुड्यात कुणीतरी ते मोठ्याने लावलं. सासू तिथेच बसलेली होती. त्या दिवसापासून तिने कल्पनाच्या हातचं जेवणं सोडलं.

कल्पनाने आमच्याकडे ते काढायची विनंती पाठवली. तेव्हा तेवढीच सोय होती. तक्रारींसाठी ठेवलेला एक फॉर्म भरायचा, ईमेल द्यायचा, आणि एका चौकटीत कारण लिहायचं. कारण लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकायचा नाही. ईमेल भाचीचा होता. कारणाच्या चौकटीत तिने लिहिलं होतं, "चूक झाली." तो फॉर्म माझ्याकडे नऊ दिवस पडून राहिला, कारण माझ्या सातपूरच्या कंपनीत नवीन सिस्टिम चालू होत होती आणि मी दुसरं काही उघडत नव्हते. काढायचा अधिकार फक्त मला होता, तुलाही नव्हता. दहाव्या दिवशी मी ते पान काढलं आणि तुला अंगठा पाठवला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तू शाळा सुटल्यावर बसने सातपूरला आलीस. कंपनीच्या गेटसमोर चहाची टपरी आहे, तिथून फोन केलास, बाहेर ये. मी आले तर तू फोन माझ्या कानाला लावलास. भरीत, दात, हसू. सगळं जसंच्या तसं.

"पान काढलंस," तू म्हणालीस. "पण लिंक ज्यांच्याकडे आहे त्यांना ऐकू येतंय. तिचा फोन आला होता. ताई, ते आजून वाजी ऱ्हायनं, म्हणाली. रडत नव्हती गं. नुसतं सांगत होती."

मी आत गेले, मूळ फाइल काढली, परत आले. तू उभीच होतीस, चहा तसाच होता.

"किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं," तू म्हणालीस, आणि बस आली म्हणून गेलीस.

त्या रविवारी आपण दोघी नामपूरला गेलो. सासू अंगणात खाटेवर बसली होती. तू खाली बसून तिच्याशी अहिराणीत बोललीस, माफी मागितलीस, मशीनची चूक आहे म्हणालीस, आमची चूक आहे म्हणालीस. ती एवढंच म्हणाली, "सारं गाव माले हसनं." कल्पना आत चुलीपाशी उभी होती. बाहेर आली नाही. येताना बसमध्ये मी तुला सांगत होते की फाइल आणि पान वेगळं का असतं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "आत यायला दार केलंस, वैशू. बाहेर जायला नाही केलंस."

मग चार रविवार तू माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसलीस. तुझा हट्ट आठवला की अजून राग येतो, आणि तू बरोबर होतीस हे आठवलं की जास्त येतो. ईमेल काढला, फोन नंबर पुरे केला. जिचं रेकॉर्डिंग तिच्या यादीत प्रत्येक नावाशेजारी बटण आलं, 'काढून टाका'. तू पट्टीने मोजल्यासारखं बघून म्हणालीस, रेकॉर्डिंग टाकायचं बटण जेवढं मोठं आहे तेवढंच हे पाहिजे. दाबलं की आवाज, फोटो, खाली आलेल्या प्रतिक्रिया सगळं त्याच क्षणी दिसेनासं होईल, लिंक कुणाकडे असली तरी वाजणार नाही, हे साध्या मराठीत लिहून घेतलंस. 'तुमची खात्री आहे का?' हे मला दोनदा विचारायचं होतं. तू एकदाच ठेवलंस.

कारणाच्या चौकटीवर आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, कारण कळलं तर आपल्याला सुधारता येईल, आणि लिहिताना बाई जरा थांबेल, विचार करेल.

"तिने विचार करूनच बटण दाबलंय," तू म्हणालीस. "कारण विचारलं की तिला वाटतं परवानगी मागायचीय. आयुष्यभर तेच करते ती. निदान इथे नको."

चौकट गेली.

दुसरं भांडण तीस दिवसांचं. मला वाटत होतं, काढलेलं तीस दिवस कुठेतरी झाकून ठेवावं. माणसं रागात काढतात, घाबरून काढतात, मग पस्तावतात. तू म्हणायचीस, "काढलं म्हणजे काढलं. पस्तावा आला तर तोही तिचाच." मी हट्टाला पेटले. का पेटले ते तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. बाबा गेल्यावर पंधराव्या दिवशी आईने त्यांची सगळी पत्रं बंबात घातली. कशावरून तरी चिडली होती, त्यांच्यावरच. संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर ती मोरीत बसून राख चाळत होती. एक कोपरा मिळाला, त्यावर फक्त 'तुझा' एवढं होतं. मला तीस दिवस आईसाठी हवे होते, शमीम. हे तुला सांगितलं असतं तर तू लगेच मानलं असतंस, आणि म्हणूनच सांगितलं नाही. मला वादात जिंकायचं होतं.

शेवटी तू अर्धं मान्य केलंस. तीस दिवस ठेवायचं, पण 'परत आणा' म्हणायचा हक्क फक्त जिचं आहे तिचा. "तुझाही नाही, माझाही नाही," असं म्हणालीस आणि ते पानावर लिहायला लावलंस. तीस दिवस झाले की त्याच मिनिटाला मशीन आपोआप सगळीकडून पुसून टाकेल. दोन वर्षं ते तसंच चाललं. कितीतरी बायकांनी काढलं, काहींनी परत आणलं. का, ते आपण कुणालाच विचारलं नाही. कल्पना मात्र पुन्हा कधी आली नाही.

आणि मग दीड महिन्यापूर्वी तू मला काहीच नीट सांगितलं नाहीस. "पोटाचं छोटं ऑपरेशन आहे, चार दिवस रजा टाकलीय." छोटं म्हणालीस म्हणून मी छोटं धरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मी साइट उघडली आणि तुझं नाव कुठेच दिसेना. मला वाटलं काहीतरी बिघडलं. बघितलं, तर आदल्या दुपारी तुझ्याच फोनवरून एकेक करून सदतीसच्या सदतीस काढलेली.

मी फोन केला. तू उचललास आणि मी बोलायच्या आधीच म्हणालीस, "बटण मस्त चालतं. शाबास."

"शमीम, का काढलंस?"

तू हसलीस. "कारण विचारायची चौकट आपणच काढली ना?"

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, हा काय वेडेपणा, घाबरली आहेस तू, ऑपरेशनच्या आधी माणसं असं काहीतरी करतात. मी म्हटलं, तीस दिवस आहेत, बरी होऊन ये आणि परत आण. तू म्हणालीस, "बघू." मग म्हणालीस, "चिडू नको ना, वैशू." आणि मी म्हटलं, "ठेवते, मीटिंग आहे." मीटिंग नव्हती. ते आपलं शेवटचं बोलणं. ऑपरेशन झालं, दोन दिवस बरी होतीस म्हणे, मग ताप चढला, आणि चौथ्या दिवशी तुझ्या नवऱ्याचा फोन आला. तो हिंदीत बोलत होता आणि मला एकही शब्द कळत नव्हता.

पाचसहा दिवसांनी सनाने फोन केला. तुझी लेक तुझ्यासारखीच, आधी मुद्दा, मग नमस्कार.

"खाला, साइटवर अम्मीचं काहीच नाही. सब कहाँ गया?"

मी तिला खरं सांगितलं. मला खोटं बोलायला हवं होतं का, माहीत नाही. तुझ्या आवाजाचं तिच्याकडे काही नाही, शमीम. तू मेसेज लिहायचीस, आवाजाचे कधी पाठवले नाहीस. एका लग्नाच्या व्हिडिओत तू दिसतेस, पण वर बँड वाजतोय. त्या सदतीस रेकॉर्डिंगवर तिची भिस्त होती.

"तीस दिवसांत परत येतं ना? मग आणा."

"मला नाही आणता येत. ते फक्त तिच्या नंबरवरून होतं."

"अम्मीचा फोन माझ्याकडे आहे," सना म्हणाली. "आत्ता हातात आहे. मी दाबू?"

नियम आपण ज्या शब्दांत लिहिला होता त्यात हे बसत होतं, आणि आपण ज्यासाठी लिहिला होता त्यात बसत नव्हतं. दाब म्हटलं असतं तर तुझा विश्वासघात, दाबू नको म्हटलं असतं तर तिच्या तोंडचा घास काढणं. मी म्हटलं, "थोडे दिवस थांब." ती म्हणाली, "तुमचा दोघींचा नियम, भोगायचा मी." मी तिला कल्पनाची गोष्ट सांगितली. "ती बाई जिवंत आहे, खाला," ती म्हणाली. "तिला नको होतं, ती सांगू शकते. अम्मीला आता कुठे काय होणार आहे?" ह्याचं उत्तर तुझ्याकडे असेल.

तुला आणखी एक सांगायचंय. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसात, मी सर्व्हरवर तुझ्या फाइलींपर्यंत गेले. नियम कुणासाठी असले तरी ते दार मला माहीत आहे. सदतीस नावं समोर होती. एकावर बोट ठेवलं असतं तर तुझा आवाज आला असता. शेजारच्या टेबलावरचा कुलकर्णी विचारत होता, मॅडम, लोणचं देऊ का. मी बंद केलं. चांगुलपणाने नाही. तू पहिल्याच वाक्यात मला ओरडशील असं वाटलं.

तिसाव्या दिवशी दुपारी सना माझ्याकडे आली. तुझा फोन पूर्ण चार्ज करून आणला होता. मला म्हणाली, "मी अजून ठरवलेलं नाही. एकटीने बघवणार नाही, म्हणून आले." टेबलाशी आम्ही शेजारी बसलो. फोनवर तू काढलेल्यांची यादी उघडली, प्रत्येक नावापुढे किती मिनिटांचं ते, आणि शेजारी 'परत आणा'. तिचा समज असा की वेळ झाली की सगळं एकदम जाईल. दोन वाजून चार मिनिटांनी पहिलं नाव गेलं. बिबड्या. बाकीची तशीच.

"अडकलं का?"

"नाही. प्रत्येकाचे तीस दिवस वेगळे. तिने जेव्हा काढलं, तेव्हापासून."

सात मिनिटांनी दुसरं गेलं. मग चार मिनिटांनी तिसरं. मग सहा. मी म्हटलं, एवढा वेळ का लावला असेल हिने, एकामागून एक दाबायला दहा मिनिटं पुरली असती. सना नावं बघत होती. मग तिने माझं मनगट धरलं.

"खाला, जेवढं लांब रेकॉर्डिंग, तेवढाच वेळ लागतोय."

मी लॅपटॉप ओढून वेळा बघितल्या. सहा मिनिटांचं जायच्या आधी सहा मिनिटांचं अंतर, सव्वातीन मिनिटांचं जायच्या आधी चारचं. सगळीकडे तेच. तू प्रत्येक रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलंस, शमीम, आणि मग काढलंस. दोन ते सव्वापाच, एका जागी बसून, स्वतःचा आवाज ऐकत. रागात नाही. घाबरून नाही. मी तुला फोनवर जे म्हटलं होतं त्यातलं काहीच नाही. माझा तीस दिवसांचा सगळा मुद्दा त्या वेळांच्या यादीत संपला, आणि तुला सांगायला तू नव्हतीस.

सना म्हणाली, "म्हणजे चुकून नाही केलं." तिने फोन टेबलावर ठेवला.

पावणेपाचच्या सुमाराला एक नाव जाईना. शीरखुर्मा, सहा मिनिटं. सहा झाली, नऊ झाली, अकरा झाली. "ह्यात मी आहे," सना म्हणाली. "मी मागून ओरडते, अम्मी, बस करो ना, भूक लगी. तेव्हा मी बारावीत होते." तेवढं एक तू दोनदा ऐकलं होतंस. सनाने फोन उचलला. तिचा अंगठा 'परत आणा'च्या अगदी वर होता. तिने माझ्याकडे बघितलं. तुझेच डोळे. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. तेराव्या मिनिटाला ते नाव गेलं. ती रडली नाही. "गेलं," एवढंच म्हणाली, जसं कुणी बस गेली म्हणावं.

तू का काढलंस, ते मला आजही माहीत नाही. तुझ्यामागे कुणी ते कुठे तरी मोठ्याने लावेल, ह्याची भीती वाटली का? की सनाने आयुष्यभर ते ऐकत बसू नये असं वाटलं? की नुसतं तुझं होतं आणि तुला न्यायचं होतं? विचारायचं नाही हे तूच शिकवलंस, आणि तरी मी रोज विचारते.

सव्वापाचला यादी रिकामी झाली. रिकाम्या पानावर एक वाक्य आपोआप येतं. नव्याने आलेल्या बायकांसाठी ते मी कधीतरी लिहिलं होतं आणि विसरून गेले होते. 'इथे अजून काही नाही. बोलायला सुरुवात करा.' सनाने ते मोठ्याने वाचलं. मी तिच्या हातून फोन घेतला आणि पालथा ठेवला. ते वाक्य अजून बदललेलं नाही. काय लिहावं ते सुचत नाही.

शेजारच्या गॅलरीत कुणीतरी गाद्या झटकत होतं. मग सना उठली, तोंड धुऊन आली आणि ओढणीने पुसत म्हणाली, "चाळीसाव्याला खिचडा करायचाय. अब्बू म्हणतात, बाहेरून नको, घरीच कर. खाला, अम्मी गहू किती वेळ भिजवायची?"

मी आठवून बघितलं. तुझं स्वयंपाकघर आठवलं, मोठं पातेलं आठवलं, डाव आठवला, वाफेत तुझा घामेजलेला चेहरा आठवला. गहू आठवले नाहीत.

"मला नाही गं माहीत," मी म्हटलं. "मी नुसती खायचे."